कपाटातली जोडपी

मराठी विनोदी लेखात बायकोला नाव नसतं. तिला ‘ही’ म्हणतात. ‘आमची ही’, ‘आमच्या हिला’, ‘हिचं आपलं काहीतरीच’ एवढ्या तीन रूपांत तिचा सगळा संसार आटोपतो. लेखकाच्या मित्राला नाव असतं, शेजाऱ्याला असतं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला असतं. एखाद्या लेखात तर कुत्र्यालाही नाव असतं आणि ते इंग्रजी असतं. ‘ही’ मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘ही’. व्याकरणात ह्याला दर्शक सर्वनाम म्हणतात. म्हणजे बोट दाखवायचं आणि पुढे चालू लागायचं.

हे निरीक्षण माझं नव्हे. आमच्या घरात दोन वाचक आहेत, त्यातल्या दुसऱ्या वाचकाचं आहे. दुसरा वाचक म्हणजे माझी बायको. ह्या लेखात तिला ‘ही’ म्हणायचं नाही आणि तिचं नावही छापायचं नाही, अशा दोन अटी घालण्यात आल्या आहेत. (अटी ‘कोणी’ घातल्या ते स्वच्छ लिहा, असंही बजावण्यात आलं आहे. तिने घातल्या आहेत.) तेव्हा मी तिला सहवाचिका म्हणणार आहे. शब्द जरा सरकारी वाटतो, पण दोन्ही अटींत बसतो.

निवृत्त जोडप्यांना छंद लागतात. कोणी गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या लावतात, कोणी भजनी मंडळात जातात, कोणी पहाटे टेकडी चढून दिवसभर आपण टेकडी चढलो हे सांगत बसतात. आम्ही प्रवासवर्णनं वाचतो. दुपारचा चहा झाला की मी मोठ्याने वाचायचं, सहवाचिकेने घेवड्याच्या शेंगा मोडत ऐकायचं. पुस्तक वाचनालयाचं असलं तर हातात पेन्सिल, आणि परत करताना खोडरबर. प्रवासवर्णन नवऱ्याने लिहिलेलं असेल तर पेन्सिलीला काम फार पडतं. कारण त्यात आम्ही एक गोष्ट शोधत असतो: हरवलेला कर्ता.

त्याचं असं आहे. समजा, लेखक लिहितो (हा नमुना माझा, पण वाचकांना ओळखीचा वाटेल) : ‘पहाटे सहाला गाडी सुटली. खिडकीतून गार वारा येत होता. आठ वाजता डबा उघडला गेला. दशम्या निघाल्या, लसणीची चटणी निघाली. मी कवितेची वही काढली.’

“थांबा,” सहवाचिका म्हणते. “डबा कोणी उघडला?”

“लेखकाने लिहिलेलं नाही.”

“मग तिने उघडला. दशम्या कोणी केल्या?”

“त्या ‘निघाल्या’ म्हणतोय.”

“दशम्या आपोआप निघत नाहीत. आदल्या रात्री अकरा वाजेपर्यंत ओट्याशी उभं राहावं लागतं. आणि वही कोणी काढली?”

“‘मी.’”

“बघा! कवितेच्या वहीला कर्ता आहे, दशमीला नाही.”

मी पेन्सिलीने तीन फुल्या मारतो. नियम आम्हाला सापडलेला आहे आणि तो फार सोपा आहे. नवऱ्याच्या प्रवासवर्णनात ज्या क्रियापदाला कर्ता नसतो, तिथे बायको उभी असते. बॅगा ‘भरल्या जातात’, गरम कपडे ‘सापडतात’, डोकेदुखीची गोळी ‘हाताशी असते’, मुलांना ‘झोप लागते’. आणि जिथे तिला कर्ता केलेलं असतं, तिथे क्रियापदं ठराविक चार: ती साडी घेते, भाव करते, दमते आणि विचारते. विचारते काय, तर बहुधा कुलुपाबद्दल.

ह्या कुलुपाचा एक विनोद गेली कित्येक वर्षं मराठीत फिरतो आहे. स्थळं बदलतात. एका लेखात तो विजापूरच्या गोल घुमटात घडलेला आमच्या वाचनात आला. गोल घुमट म्हणजे महंमद आदिलशहाची कबर, १६५६ साली पुरी झालेली. वरचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. कोपऱ्यातल्या मनोऱ्यांतून जिने चढून वर गेलं की घुमटाच्या आतून गोल फिरणारा सज्जा लागतो. त्या सज्जात एका टोकाला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं आणि मोठ्याने बोललं तर प्रतिध्वनी पुन्हा पुन्हा येत राहतो. तर लेखक एका टोकाला, ‘ही’ दुसऱ्या टोकाला. लेखकाच्या मनात आदिलशाही, काळ, मृत्यू, अनंत. कान भिंतीला लावतो तो पलीकडून शब्द येतात, “अहो, घराला कुलूप नीट लावलंत ना?” आणि ‘लावलंत ना, लावलंत ना, लावलंत ना’ असं सगळा घुमट विचारू लागतो.

विनोद वाईट नाही. मी हसलो. सहवाचिकाही हसली, ती विनोदाच्या विरुद्ध नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तिच्याविषयी गैरसमज व्हायचा. पण हसून झाल्यावर तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “ह्याच्या जागी ती लिहायला बसली असती, तर हाच विनोद कसा झाला असता?”

आता हा प्रश्न टीकाशास्त्रातला आहे, आणि मोठमोठ्या टीकाग्रंथांत मला तो भेटलेला नाही. आमच्या घरी त्याला पैठणीची परीक्षा म्हणतात. हातमागावरची अस्सल पैठणी असेल तर तिची नक्षी सुलट्या बाजूने दिसते तशीच उलट्या बाजूने दिसते. नकली असेल तर उलट्या बाजूला नुसते धागे लोंबतात. म्हणून जाणत्या बायका पदर आधी उलटा करून पाहतात. जोडप्यावरचा विनोदही असाच उलटून पाहावा. दोघांपैकी कोणीही सांगितला तरी तो हसवतो का? कुलुपाचा विनोद उलटा केला की धागे दिसू लागतात. घर बंद करण्याची काळजी एकाने दुसऱ्यावर टाकली, म्हणून पहिल्याला अनंताचा विचार करायला सवड मिळाली, एवढाच त्याचा अर्थ उरतो.

ह्या परीक्षेतूनच सहवाचिकेने एके दिवशी आमचं पुस्तकांचं कपाट नव्याने लावलं. पूर्वी मी पुस्तकं लेखकांच्या आडनावांवरून लावीत असे. तिने ती जोडप्यांनी लावली. नवऱ्याच्या बाजूचं एक पुस्तक, शेजारी बायकोच्या बाजूचं एक. लेखक-लेखिका खरोखरीचे नवरा-बायको असलेच पाहिजेत असं नाही. पत्रिका न पाहता, नुसतं साल पाहून जुळवलेली ही लग्नं आहेत.

पहिलं जोडपं १९१० सालचं. त्या वर्षी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ पुस्तकरूपाने आले आणि त्याच वर्षी रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झाल्या. कोल्हटकर मराठी विनोदाचे मूळपुरुष. त्यांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट जुन्या समजुतींची टोपी उडवत फिरतं. मराठीत विनोद म्हणजे तीन पुरुष घराबाहेर पडले, हे तेव्हा जे ठरलं ते पुढे पुष्कळ वर्षं टिकलं. घरात मागे राहिलेल्यांचं काय झालं, हा त्या पुस्तकाचा विषयच नाही.

तो रमाबाईंचा आहे. त्या पुस्तकात नवऱ्याचा उल्लेख ‘स्वतः’ असा येतो. नाव घ्यायचं नाही, ‘हे’ म्हणणंही बरं दिसत नाही, म्हणून ‘स्वतः’. पुण्यात सेवासदन उभं करणारी ही बाई आपल्याच पुस्तकात मागे सरून उभी राहते आणि ‘स्वतः’ हा शब्दसुद्धा नवऱ्याला देऊन टाकते! इतका आदर असलेल्या पुस्तकात विनोद कुठून येणार, असं वाटतं. आणि तो येतो. १८८६ साली सरकारी कमिटीच्या कामासाठी महादेव गोविंद रानडे कलकत्त्याला गेले, बरोबर रमाबाई. तिथे त्यांनी बंगाली शिकायचं मनावर घेतलं. दाढी करायला न्हावी आला की पुस्तक समोर धरून अडलेले शब्द त्यालाच विचारायचे. आतल्या खोलीतून रमाबाईंनी हा पाठ ऐकला आणि गुरू चांगला मिळाला म्हणून नवऱ्याची थट्टा केली. पुढे हायकोर्टाचा न्यायाधीश झालेला हा विद्वान, तोंडाला साबण लावून न्हाव्यापुढे विद्यार्थी होऊन बसला आहे आणि दाराआड बायको हसते आहे. ह्यात कोणी लहान होत नाही. रानडे उलट मोठे होतात, रमाबाई जवळच्या होतात आणि न्हाव्यालाही मान मिळतो. जोडप्याच्या छंदावर ह्याहून चांगला विनोदी प्रसंग मला माहीत नाही आणि तो विनोदी पुस्तकात नाही. पैठणी दोन्हीकडून सारखी.

दुसरं जोडपं एकोणीसशे तीसच्या दशकातलं. इकडे चिं. वि. जोशांचे चिमणराव, तिकडे १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. हे लग्न मात्र उत्तम जुळलेलं. चिमणराव कारकून, अंगाने किरकोळ, मनाने भित्रा आणि गोष्ट सांगणारा स्वतः तोच. पण तो बायकोवर बोट दाखवून पुढे जात नाही. तिला नाव आहे : कावेरी, म्हणजे काऊ. आणि फजिती होते ती बहुतेक वेळा सांगणाऱ्याचीच. चिं. वि. बडोद्याला पाली भाषेचे अध्यापक होते. पंडित असून त्यांनी पांडित्याची ऐट कथेत आणली नाही, आणि पुरुष असून पुरुषपणाचीही आणली नाही. म्हणूनच चाळीसेक वर्षांनी, १९७७ च्या सुमारास, मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन आले तेव्हा घरातली बायकामाणसंही तितकीच हसली. विनोद शिळा होतो तो बहुधा उलट्या बाजूने. ती बाजू धड असेल तर तो टिकतो.

आणि लक्ष्मीबाई! त्यांनी नवऱ्याला ‘स्वतः’ही म्हटलं नाही आणि ‘हे’ही नाही. सरळ ‘टिळक’ म्हटलं. नारायण वामन टिळक कवी, उदार, तापट आणि न सांगता घरातून निघून जाणारे. आज इथे, उद्या कुठे, त्याचा पत्ता बायकोला नसायचा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा झालेली ताटातूट तर काही वर्षांची. ह्या सगळ्यातून लक्ष्मीबाई जे लिहितात त्यात रडगाणं नाही आणि देव्हाराही नाही. टिळकांना हसतात तेवढ्याच मोकळेपणाने स्वतःला हसतात. आमच्या पेन्सिलीला ह्या पुस्तकात कामच मिळालं नाही. ‘स्मृतिचित्रां’त कर्ता कधी हरवत नाही. हरवतात ते टिळक.

तिसरं जोडपं खरोखरीचं. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आली १९६० साली, सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ आलं १९९० साली. मध्ये तीस वर्षं. ‘अपूर्वाई’ हा दोघांचा प्रवास आणि एकाची लेखणी. ज्या काळात परदेशी जाणं म्हणजे हार घालून घेऊन जाणं होतं, त्या काळात ह्या पुस्तकाने मराठी घरांना युरोप घरबसल्या दाखवला आणि तो दाखवताना अनेक ठिकाणी स्वतःच्याच बावळटपणाला हसवलं. ते ऋण आहेच. पण तीस वर्षं आम्ही वाचक हसत राहिलो आणि ह्या घरातल्या हिशेबांचं, पत्रांचं, मुद्रितांचं काय, कोण बघतं, हे कोणी विचारलं नाही. सुनीताबाईंनी न विचारता सांगितलं. त्यांनी नवऱ्याला ‘भाई’ म्हटलं आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाला घरातल्या उजेडात उभं केलं. काहींनी पुस्तक डोक्यावर घेतलं, काहींच्या डोक्यात ते गेलं.

ह्या जोडप्याबाबत आमच्या घरात मतभेद आहे. माझं म्हणणं असं की पुस्तक थोर आहे, पण त्यात लक्ष्मीबाईंचं हसू नाही. प्रत्येक गोष्ट तराजूत घालून, काटा स्थिर होईपर्यंत थांबून मग लिहिली आहे. उलटी बाजू दाखवताना नक्षीपेक्षा गाठीच जास्त मोजल्या आहेत. सहवाचिका म्हणाली, “हिशेब मांडताना कोण हसतं?”

मग तिने तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक वही काढली. घरखर्चाची. लाल कापडी पाठीची, लांबट. १९८१ साली आम्हीही विजापूरला गेलो होतो. त्या सहलीची माझी डायरी आहे. तिच्यात चार ओळी आहेत : घुमट भव्य. इब्राहिम रोजा अधिक नाजूक. दुपारी विश्रांती. सूर्यास्त अविस्मरणीय. सहवाचिकेच्या वहीत त्याच सहलीची दोन पानं आहेत. त्यातल्या काही नोंदी तिच्या परवानगीने देतो :

‘कुलूप नवीन १ (जुन्याची किल्ली अडकते). दशम्यांसाठी दूध जास्तीचं. टांगा, स्टेशन ते उतरायची जागा. घुमट तिकिटं. लिंबू सरबत २, एक परत केलं, माशी. चपलेचा अंगठा शिवून. ह्यांना तापाच्या गोळ्या, बर्फ. टांगा परत पाठवला, त्याचे निम्मे. शेजारच्या खोलीतल्या आजींना मोसंबी, त्यांनी रात्री ह्यांच्यासाठी पेज दिली. मुलांना फुगे.’

वाचकहो, ह्यातलं प्रवासवर्णन कोणतं ते तुम्हीच ठरवा. माझ्या डायरीतल्या ‘दुपारी विश्रांती’ ह्या दोन शब्दांमागे ताप आहे, बर्फ आहे, निम्मे पैसे घेऊन गेलेला टांगेवाला आहे आणि पेज करून देणारी एक अनोळखी म्हातारी आहे. तो ‘अविस्मरणीय’ सूर्यास्त कसा होता ते मला आज आठवत नाही. सरबतातली माशी मात्र वाचल्याबरोबर दिसली. आणि गोल घुमटात बायका कुलुपाबद्दल का विचारतात, ह्याचं उत्तर पहिल्याच नोंदीत कंसात लिहून ठेवलेलं आहे.

मी तिला एवढंच म्हटलं, “तूही ‘ह्यांना’ लिहिलं आहेस. माझंही नाव नाही.”

“नसू दे,” ती म्हणाली. “गोळ्या कोणासाठी आणल्या आणि कोणी आणल्या, हे तर कळतं ना?”

विनोदात एवढं कशाला बघायचं, असं आमचे एक स्नेही म्हणतात. लोक घटकाभर हसतात, हसू द्यावं. हसू द्यावंच. पण विनोदी लेख ही चैनीची वस्तू नाही. मध्यमवर्गी घरातला नवरा बायकोविषयी चार लोकांत काय बोलतो, कसं बोलतो, हे तो पुष्कळ अंशी ह्या लेखांतून शिकतो. ‘आमच्या हिचं काय विचारता!’ हे वाक्य कुठल्या लग्नाच्या पंगतीत ऐकलं नाही असं सांगा. बोलणाऱ्याने ते छापलेल्या पानावरून उचललेलं असतं. पन्नास वर्षं एकाच घरात राहून एकाला कर्तरी प्रयोग आणि दुसऱ्याला नुसतं सर्वनाम मिळत असेल, तर तो व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

आता दिवस बदलले आहेत हे खरं. मीना प्रभूंसारखी डॉक्टर बाई ‘माझं लंडन’पासून सुरुवात करून देशोदेशी हिंडली आणि जाडजूड पुस्तकं लिहून गेली. तिथे बॅग भरणारी आणि लिहिणारी एकच, त्यामुळे कर्ता हरवायला जागाच नाही. तरुण जोडपी तर तिकिटं फोनवर काढतात आणि कोणी काढली ह्यावरून भांडतातसुद्धा. हे मला फार आशादायक वाटतं. भांडणात कर्ता नेहमी स्पष्ट असतो.

काळजी वाटते ती मागच्या पिढ्यांची. घर आवरायला काढलं की मुलं बापाची रेक्झिनच्या पुठ्ठ्याची डायरी आठवण म्हणून ठेवतात आणि आईच्या हिशेबाच्या वह्या रद्दीत जातात. अशा किती वह्या गेल्या असतील! त्यांत काशीयात्रा असतील, अष्टविनायक असतील, नवऱ्याच्या बदलीच्या गावी बैलगाडीतून नेलेले संसार असतील. मराठी प्रवासवर्णनाचा निम्मा भाग वाचनालयात आहे, उरलेला निम्मा किलोवर विकला गेला आहे. ज्यांच्या घरी अशी वही अजून असेल त्यांनी ती वरच्या कप्प्यात, चांगल्या पुस्तकांच्या शेजारी ठेवावी. आमच्याकडे ती ‘अपूर्वाई’ला लागून आहे.

आणि लिहिणाऱ्या नवऱ्यांना एक विनंती. आदिलशाहीबद्दल लिहा, अनंताबद्दल लिहा, वाटल्यास बायकोच्या घोरण्याबद्दल लिहा. उलटून पाहून मग लिहा, म्हणजे झालं. पण आठ वाजता गाडीत डबा उघडला तर तो कोणी उघडला तेही लिहा. त्याला जागा लागते अर्धी ओळ. उरलेल्या अर्ध्या ओळीत दशम्या कशा झाल्या होत्या ते लिहायला हरकत नाही.